जळगावात खोली घेताना भाडं सगळ्यात शेवटी विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहादा तालुक्यातल्या मुलाला जळगावजवळच्या बांभोरीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून दोन मित्रांबरोबर खोली घ्यायची आहे. पिंप्राळ्याकडे वरच्या मजल्यावरची एक खोली पसंत पडली, भाडं ६,००० रुपये. मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतो आणि कराराचं नाव काढलं की म्हणतो, "आमच्याकडे असलं काही नसतं, विश्वासावर चालतं." हो म्हणू का?

आज हो म्हणू नकोस, पण खोली हातची सोडूही नकोस. दोन दिवस मागून घे आणि त्या दोन दिवसांत खाली सांगतो ते बघून ये. जळगावात खोल्या लावून देणं आणि त्यांचे करार नोंदवणं हे माझं काम आहे. म्हणजे खोली लागली तरच मला पैसे मिळतात. तरी सांगतो, बाहेरगावची पोरं इथे भाड्यामुळे अडचणीत येत नाहीत. भाडं पहिल्याच दिवशी कळतं. अडचण होते ती पाण्याची, उन्हाळ्याची आणि डिपॉझिट परत घेण्याची, आणि या तिन्ही गोष्टी प्रवेशाच्या दिवसांत दिसत नाहीत. पावसाळ्यात सगळ्याच खोल्या चांगल्या वाटतात.

त्याआधी एक सांग: प्रवेश खरंच पक्का आहे का? मिळालेली जागा फ्रीझ केली, म्हणजे हीच कायम ठेवली असेल, तर पुढे वाच. बेटरमेंट, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी थांबायचा पर्याय, घेतलं असेल तर पुढच्या फेरीत नाशिक किंवा पुणंही लागू शकतं, आणि वरचा पर्याय लागला की आधीची जागा आपोआप जाते. मग तू नाशिकला, डिपॉझिट जळगावात, आणि मालक म्हणणार, "मी तुमच्यामुळे दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवली." हे दरवर्षी होतं. तिघांपैकी एकाचंही असं लटकलेलं असेल तर शेवटची फेरी होईपर्यंत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, महिन्याच्या बोलीवर राहा. चार पैसे जास्त जातील, मोठी रक्कम अडकणार नाही.

आता पाणी. आपल्या खान्देशात खोली बघताना पहिला प्रश्न हाच. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे, पण धरणात पाणी असणं आणि तुझ्या खोलीतल्या नळाला येणं यात बरंच अंतर आहे. नळ रोज येतोच असं नाही, दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो, जलवाहिनी फुटली की आणखी लांबतो. धुळे आणि भुसावळ इथे तर लोक नळाच्या वारावर आठवडा आखतात. म्हणून नळ आहे का, हे विचारून काही कळत नाही. साठवण किती आहे ते विचार. हिशेब सोपा आहे. आंघोळ, संडास, कपडे, भांडी मिळून माणशी दिवसाला १०० लिटर धर. तिघांचे ३०० झाले. नळ तिसऱ्या दिवशी येत असेल तर तेवढ्या काळात तुम्हा तिघांनाच ९०० लिटर लागणार. गच्चीवर १,००० लिटरची एकच काळी टाकी असेल आणि तीच खालच्या मालकाच्या कुटुंबालाही पुरवायची असेल, तर तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या डोक्याला साबण लागलेला असेल आणि नळ फुसफुसत असेल.

तेव्हा गच्चीवर चढ आणि टाक्या मोज. खाली हौद आहे का बघ. मोटर कोण लावतं, ती कोणाच्या मीटरवर आहे, बोअर आहे का आणि असलं तर मे महिन्यात चालतं का, हे विचार. आणि हे मालकाला विचारून थांबू नकोस. मालक खोटं बोलेल असं नाही, पण त्याची टाकी खाली असते, त्याला वरचं कळत नाही. शेजारच्या भाडेकरूला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचार. "भो, पानी येस का रोज?" एवढं आपल्या बोलीत विचारलंस की समोरचा दहा मिनिटं पाण्याचं रडगाणं ऐकवेल आणि तुला हवं ते सगळं त्यात येईल. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसेल तर ते वापरायलाच ठेवायचं, प्यायला जार लागणार. २० लिटरच्या जारचा महिन्याचा खर्च भाड्यात मिळवूनच दोन खोल्यांची तुलना कर.

दुसरं ऊन. शहाद्याचं ऊन तुला माहीत आहे, पण घरी तू बहुतेक खालच्या मजल्यावर किंवा धाब्याच्या घरात राहिलास. जळगावात विद्यार्थ्यांना जी खोली मिळते ती बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरची असते, कारण खाली मालक राहतो. वर उघडा स्लॅब, पश्चिमेला भिंत, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो, म्हणून रात्री अकरालाही पंखा गरम हवा फेकतो. वर्षाची शेवटची परीक्षा नेमकी याच दिवसांत असते. म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात जास्त अभ्यास करायचा, त्याच महिन्यात खोलीत बसवत नाही.

म्हणून खोली सकाळी बघू नको, दुपारी दोन ते चारमध्ये जा. पाऊस असला तरी काही गोष्टी दिसतातच: वर आणखी मजला आहे की उघडी गच्ची, खिडक्या समोरासमोर आहेत की एकाच भिंतीत, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली आहे का. पत्र्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नको, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या मजल्यावरची खोली पाचशे रुपये महाग पडत असेल आणि तिच्यावर दुसरा मजला असेल, तर ते पाचशे डोळे मिटून दे. वरचीच घ्यावी लागली तर तीन गोष्टी आधी बोलून घे. एक, उन्हाळ्याच्या तोंडाला स्लॅबवर चुना मारायची परवानगी. खर्च फार नसतो, फरक पडतो. दोन, कूलर बसवायला खिडकी आणि त्यात पाणी भरायला मुभा. काही मालक विजेपेक्षा कूलरच्या पाण्यावरून जास्त कुरकुरतात, आणि वरचा पाण्याचा हिशेब पाहिलास तर त्यांचंही चूक म्हणता येत नाही. तीन, गच्चीची चावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्धं गाव गच्चीवर झोपतं. पण "बॅचलर पोरं वर नकोत, आजूबाजूला बायाबापड्या असतात" म्हणून गच्चीला कुलूप लावणारे मालक बरेच आहेत. हे मे महिन्यात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

विजेचं पटकन सांगतो. तुमच्या खोलीला महावितरणचं स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम. सबमीटर, म्हणजे मालकाच्याच जोडणीवर तुमच्या खोलीपुरतं लावलेलं मीटर, असेल तर युनिटचा दर आज ठरव. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. एकाच मीटरवर मालकाचं घर आणि तुमची खोली असली की एकत्र युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि त्याचा भार कोणी उचलायचा यावर वाद होतो. मालकाचं मागचं एक बिल मागून बघ, त्यातून युनिटला साधारण काय पडतं ते समजेल. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट होतात. पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड अर्ध्या तासात पाऊण युनिट घेतो. तिघांनी रोज वापरला तर भांडण रॉडवरून होईल, कूलरवरून नाही.

जागेबद्दल. कॉलेज बांभोरीला म्हणजे गिरणेच्या पुलापलीकडे, शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, विद्यापीठाच्या बाजूला. त्यामुळे शहराचा पश्चिमेकडचा भाग सोयीचा: पिंप्राळा, खोटे नगर, दादावाडी, शिव कॉलनी. महाबळ, रामानंद नगर, गणेश कॉलनी या वस्त्या राहायला चांगल्या आहेत, खानावळी आणि अभ्यासिकाही जवळ, पण रोजचं जाणं-येणं वाढतं. खुद्द बांभोरीत किंवा पाळधीत खोली स्वस्त मिळू शकते. मात्र रात्री आठनंतर ताप आला तर औषधाचं दुकान किती लांब आहे, ते आधी चालत जाऊन बघ. आणि जिथे राहशील तिथून कॉलेजला सकाळच्या खऱ्या वेळेला एकदा जाऊन ये. रविवारी दुपारी पंधरा मिनिटं लागली म्हणून सोमवारी सकाळी तेवढीच लागतील असं नाही. मित्राच्या गाडीवर तिघे बसून महामार्गावरून जायचा बेत असेल तर तो आत्ताच रद्द करा. त्या रस्त्यावर दिवसरात्र ट्रक असतात.

तुझ्यासारखाच प्रश्न असलेले पण एरंडोल, धरणगाव, भुसावळ, अमळनेरचे जे वाचत असतील त्यांनी खोली घेण्याआधी अपडाऊनचा हिशेब करावा. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ही सगळी स्टेशनं आहेत, रेल्वेचा मासिक पास स्वस्त पडतो. एसटीत विद्यार्थी पासाला मोठी सवलत आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून तिकीट निम्मं आहे. पहिलं सत्र अपडाऊन करून, शहर ओळखून, मग दिवाळीनंतर खोली घेणारे चांगली खोली मिळवतात, कारण तोवर गर्दी ओसरलेली असते. शहाद्याहून ते शक्य नाही, म्हणून तुला हा सल्ला देत नाही.

शोधायचं कसं? मी स्वतः एजंट असून सांगतो, एका खोलीसाठी एजंट लागतोच असं नाही. ठरवलेल्या वस्तीत संध्याकाळी पायी फिर. "रूम भाड्याने देणे आहे" असे बोर्ड गेटवर असतात, पण चांगल्या खोल्यांना बोर्ड लागायच्या आधीच गिऱ्हाईक मिळतं. त्यांची खबर खानावळवाल्या मावशींकडे, झेरॉक्सवाल्याकडे आणि इस्त्रीवाल्याकडे असते. कोणाची पोरं शेवटचं वर्ष संपवून गेली हे त्यांना मालकाआधी कळतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना विचार, ते आपली खोली पुढे द्यायला माणूस शोधतच असतात. एजंट घ्यायचा तर तो पंधरा दिवसांचं भाडं घेतो की महिन्याचं, आणि तिघांकडून मिळून घेतो की प्रत्येकाकडून, हे आधी विचार. नुसती खोली दाखवायचे पैसे देऊ नको.

मोबाईलवरच्या जाहिरातींबाबत एकच नियम: खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक म्हणे सैन्यात, बाहेरगावी पोस्टिंगवर, "टोकन पाठवा, चावी कुरिअर करतो", हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे. तुझे पैसे परत करतो म्हणून क्यूआर पाठवेल. पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसलाच कोणी तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पहिल्या काही तासांत केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

समोरचा माणूस खरंच मालक आहे का, हेही बघ. घरपट्टीची पावती किंवा लाईटबिल, त्यावरचं नाव आणि याचं आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. हल्ली काही जण अख्खी इमारत भाड्याने घेऊन पुढे पोरांना कॉट बेसिसवर देतात. त्यात गैर काही नाही, पण मूळ मालकाने त्याला तशी लेखी परवानगी दिली आहे का हे विचारायचं. नाहीतर त्या दोघांचं बिनसलं की सामान तुमचं रस्त्यावर येतं.

आता मुख्य मुद्दा, कागद. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं तुला दहा जण सांगतील. महाराष्ट्रात हे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून दिलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

पण हे कलम मालकाच्या तोंडावर फेकू नको. वरच्या दोन खोल्या भाड्याने देऊन औषधपाण्याचा खर्च काढणारे निवृत्त अण्णा-आप्पा असतात हे. कायदा काढलास की ते म्हणतील, "मग राहू दे भाऊ, फॅमिलीला देतो." त्यांना त्यांच्या फायद्याचं सांग. दोन गोष्टी सांग. पहिली, त्याच कलमानुसार नोंदणीकृत करार नसेल तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे कागद नसण्यात जोखीम मालकाची जास्त. दुसरी, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी खोली सोडली नाही तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, आणि तिथे नोंदवलेला करार हाच पुरावा. मालकांच्या मनातली खरी भीती "पोरं खोली बळकावतील" ही असते. तिच्यावरचं औषध हाच कागद आहे, असं शांतपणे सांगितलं की दहातले बरेच ऐकतात. मी रोज हेच सांगून करार करून घेतो.

आणि शेवटी म्हण, "खर्च आम्ही करतो." खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के वार्षिक व्याजावर ०.२५ टक्के. तुझं उदाहरण घे: अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, १२,००० धरलं तर त्याचं व्याज १,१००. एकूण ६७,१०० वर शुल्क दोनशेच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर किरकोळ हाताळणी शुल्क आणि माझ्यासारख्याची मजुरी. तिघांत वाटलं तर प्रत्येकाला एका महिन्याच्या चहापाण्याइतकं. आधार असलं की नोंदणी ऑनलाइन, घरी बसून होते, मालकाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. दोन साक्षीदार लागतात. आणि तुम्हा तिघांपैकी कोणी अठराच्या आतला असेल तर त्याची सही कायद्याने चालत नाही, त्याच्या वतीने वडिलांनी किंवा आईने करार करायचा. पहिल्या वर्षाला हे हटकून निघतं आणि ऐनवेळी धावपळ होते.

एवढं करूनही मालक नाहीच म्हणाला आणि खोली मनापासून आवडली असेल तर निदान साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून घे: तारीख, तिघांची नावं, भाडं, डिपॉझिटची रक्कम, विजेचा दर, खोली सोडायची सूचना किती दिवस आधी द्यायची, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि त्यातून काय कापायचं. हा नोंदणीला पर्याय नाही, पण "विश्वासावर" पेक्षा बरा. पैसे रोख देऊ नको, यूपीआयने दे आणि शेऱ्यात "डिपॉझिट" किंवा "ऑगस्ट भाडं" असं लिही. रोख द्यावेच लागले तर पावती माग. भाड्याची लेखी पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

डिपॉझिट किती? विद्यार्थ्यांच्या खोल्यांना एक ते दोन महिन्यांचं मी वाजवी समजतो. तीन महिने मागणारा मालक वाईटच असतो असं नाही, मागची पोरं दोन महिन्यांचं बिल बुडवून गेलेली असू शकतात. विचार त्याला. पण डिपॉझिट खरं अडतं ते रंगाच्या पैशांवरून. "खोली सोडताना रंगाचे कापणार" असं तोंडी सांगून नंतर अख्खं डिपॉझिट रंगात जिरवणारे आहेत. रंग आज ताजा आहे का ते बघ. नसेल तर जातानाही रंगाचे पैसे नाहीत, असं लिहून घे. असेल तर रक्कम आजच ठरव.

सुट्टीचं भाडं हाही इथला नेहमीचा वाद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलेली पोरं परीक्षेपुरती येतात आणि नंतर निकालापर्यंत खोलीला कुलूप. मालक म्हणतो भाडं चालू, पोरं म्हणतात आम्ही राहिलोच नाही. सामान खोलीत आहे म्हणजे खोली अडवलेली आहे, तेव्हा पूर्ण माफी मागू नका. सुट्टीच्या महिन्यांचं अर्धं भाडं असं बरेच मालक मान्य करतात, पण आज विचारलं तर. जूनमध्ये विचारलं तर नाही.

तिघांचं आपापसातलंही लिहून घ्या, मित्र असलात तरी. करारात तिघांची नावं असू देत. एकाच्याच नावावर केला तर भाडं थकल्यावर त्यालाच धरतील, आणि तो सोडून गेला तर उरलेल्या दोघांचा खोलीवर काही हक्क उरत नाही. एक जण मध्येच गेला, ड्रॉप घेतला किंवा प्रवेश बदलला, तर त्याने बदली माणूस द्यायचा किंवा दोन महिन्यांचा वाटा भरायचा, असं व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून ठेवा.

एक गोष्ट लोक लिहायचं टाळतात. खोली विचारताना आडनाव विचारलं जाईल, पाठोपाठ "कोणत्या समाजाचे?" हेही. मुसलमान, दलित आणि आदिवासी पोरांना "आत्ताच गेली खोली" हे उत्तर जास्त वेळा मिळतं, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. कधी नॉनव्हेजचं निमित्त पुढे केलं जातं. खोटं आडनाव सांगून खोली घेऊ नये, आधार दिल्यावर ते उघड होतं आणि मग दोन दिवसांत खोली सोडायची वेळ येते. अशा घरात चार वर्षं काढण्यात तसंही सुख नसतं. कॉलेजमधले सीनियर कोणत्या मालकाकडे सगळे नीट राहिले हे अचूक सांगतात, त्यांच्या ओळखीने जा.

अनुसूचित जमातीचा असशील आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेचा अर्ज चुकवू नको, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, आपल्याकडच्या शहरांत त्याहून कमी. भाडेकरार जवळ असला की या अर्जांची कागदपत्रं पुरी करणं सोपं जातं. पैसे मात्र हप्त्याने आणि उशिरा येतात, तेव्हा पहिल्या सत्राचं भाडं त्यावर अवलंबून ठेवू नका.

राहायला जायच्या दिवशी सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोलीचा मोबाईलवर व्हिडिओ काढ: भिंतीच्या भेगा, ओल, फुटलेली फरशी, नळ, पंखे, संडासाची कडी, मीटरचं रीडिंग. तो तिथल्या तिथे मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठव. कुलूप स्वतःचं आण. खाट आणि टेबल शहाद्याहून छोट्या हत्तीत घालून आणू नका, जळगावात भाड्याने आणि जुनं दोन्ही मिळतं. घरून गहू, डाळ, पापड आणा, पण उंदरांचा बंदोबस्त बघून. स्वयंपाक करायचा तर पाच किलोचा छोटा सिलेंडर नुसत्या ओळखपत्रावर अधिकृत मिळतो. दुकानात भरून देणाऱ्या बेकायदा रिफिलच्या नादी लागू नको. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, ती मालकाने दिली का हे विचार, नसेल तर ऑनलाइन भरायला त्याला मदत कर. एवढ्यानेच निम्मे मालक खूश होतात.

श्रावणात खालच्या घरी कानबाई, म्हणजे आपली खान्देशातली देवी, बसली तर दोन दिवस गावाकडचे पाहुणे येतील, पाण्याची टाकी रिकामी होईल आणि काकू तुम्हाला रोट, म्हणजे तिचा प्रसाद, खायला बोलावतील. जा. मालकाच्या घराशी ओळख असलेल्या पोरांची खोली कधी घाईने खाली करून घेतली जात नाही.

तुझ्या मालकापुढे आता असं मांड: डिपॉझिट दोन महिन्यांचं, नोंदणीकृत करार अकरा महिन्यांचा, खर्च आमचा, सुट्टीचं भाडं अर्धं. डिपॉझिटवर अडला तर तिसऱ्या महिन्याची रक्कम शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं म्हणून दे, करारात तशीच लिहून. कागदावरही अडला आणि टाकी एकच निघाली, तर ती खोली सोड. आणि वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीतून नाव काढू नको. शेवटच्या फेरीनंतर बरेच जण दुसऱ्या कॉलेजला जातात आणि खाटा मोकळ्या होतात, त्या ज्याने रेक्टरकडे दर आठवड्याला चौकशी केली त्याला मिळतात. म्हणून करारात एक महिन्याच्या सूचनेवर सोडायची मुभा ठेव.